चोवीस तासांचं माप

अर्ध्यावर आल्यावर मला आठवलं, की कॅन घरी आहे. हे काम असं आहे की अर्ध्यावर आठवून काही उपयोग नसतो. सरकारी फाईल अर्ध्यावर थांबते, भांडण थांबवता येतं, जमत आलेलं लग्नसुद्धा थांबतं. पण अडुसष्टाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळपासून दीड लिटर पाणी प्यायलेल्या माणसाला हे थांबवता येत नाही. मी प्रयत्न केला, नाही असं नाही. बाजारामागच्या सार्वजनिक मुतारीत, समोरच्या पांढऱ्या फरशीला गेलेल्या तड्याकडे बघत, दातओठ खाऊन प्रयत्न केला. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि ते जरा पलीकडे सरकले, नंतर निघूनच गेले. मग मी नाद सोडला आणि ऐकत राहिलो. साडेतीनशे मिलिलिटर. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली की माणूस आवाजावरून माप सांगतो. तेलाच्या दुकानात पाठमोरा उभा राहून मी सांगायचो, हे लिटर नाही, नऊशे सत्तर आहे, आणि मोजलं की नऊशे सत्तरच भरायचं. तेव्हा दुकानदारांचे चेहरे पडायचे. आज माझा पडला, आणि तो बघायला त्या तडा गेलेल्या फरशीखेरीज कुणी नव्हतं.

मुळात मी तिथे गेलोच नसतो. हिनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सकाळीच बजावलं होतं की आज कॅनचा दिवस आहे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाथरूमच्या दारावर तिनं कागद चिकटवला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ‘कॅन’ एवढंच लिहिलं होतं. पण आज गोळ्यांचाही दिवस होता. आठवड्यातून एकदा सकाळी मला स्टिरॉइडच्या दहा बारक्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या पोटात गेल्या की दोन तासांत माझ्या अंगात कुणीतरी पंचविशीतला, तापट, जगाला सुधारायला निघालेला माणूस शिरतो. मागच्या आठवड्यात त्या माणसानं घरातली सगळी कपाटं रिकामी करून उंचीप्रमाणे डबे लावले. त्याच्या आधी त्यानं जिल्हाधिकाऱ्यांना पदपथांबद्दल पाच पानी पत्र लिहिलं. आज तो अर्धा किलो बटाटे आणायला निघाला. घरात बटाटे होते. दुकानात त्याला दिसलं, की काट्याची सुई रिकाम्या ताटलीलासुद्धा शून्याच्या पुढे दोन घरं उभी आहे. झालं. मी पाऊण तास तिथे होतो. सुई, स्प्रिंग, वार्षिक तपासणी, शिक्का, दंडाची कलमं. गर्दी जमली. दुकानदार बिचारा म्हणत होता की काका, वीस ग्रॅमचा प्रश्न आहे, चार बटाटे जास्त घ्या. मी म्हणालो, प्रश्न बटाट्यांचा नाही. शेवटी त्यानं माझ्यासमोर सुई शून्यावर आणली, मी विजयी वीरासारखा बाहेर पडलो, आणि त्या विजयाच्या भरात, शुद्ध सवयीनं, मागच्या मुतारीत शिरलो. दुसऱ्याचे वीस ग्रॅम पकडता पकडता मी आपले साडेतीनशे घालवले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण म्हणतात ते हेच. फक्त आज कोरडं राहण्याचीच सोय असती तर फार बरं झालं असतं.

आता हे साडेतीनशे मिलिलिटर एवढे मोलाचे का, ते सांगायला हवं. माझ्या हाडांच्या मगजात एका जातीच्या पेशी माजल्या आहेत. त्या एक नको असलेलं प्रथिन तयार करतात, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. दिवसभरात किती पडतं यावरून आजार वर आहे की खाली, ते कळतं. म्हणून दर चार आठवड्यांनी चोवीस तासांची सगळी लघवी गोळा करायची: सकाळी सहाची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सहापर्यंतचा थेंब न् थेंब कॅनमध्ये. एखाद्याचा आजार रक्तात मोजतात, एखाद्याचा फोटोत दिसतो. माझा मापात मोजतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला जरा अभिमानच वाटला. निदान आजार तरी खात्यातला निघाला. तो सापडलाही मापावरूनच. पाठ दुखत होती, मी ती प्रमाण वजनांच्या पेटीवर ढकलत होतो. पितळी वजनांची ती पेटी मी निम्मी हयात खांद्यावरून वाहिली आहे. मग एका तपासणीत नर्सनं माझी उंची एकशे अडुसष्ट लिहिली. मी एकशे एक्काहत्तर आहे. मी तिला सांगितलं की तुमची पट्टी चुकीची लावली आहे. तिनं परत मोजली. मी घरी येऊन माझ्या पोलादी टेपनं मोजली, हिला स्टुलावर चढवून. एकशे अडुसष्ट. मी टेप बदलली. तिसऱ्या टेपला ही स्टुलावरून म्हणाली, “अहो, टेप नाही आखडलेली. तुम्ही आखडलाय.” पाठीचा एक मणका आतून पोखरून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझं माप चुकलं होतं आणि पट्टी बरोबर होती.

दोन वर्षं नेहमीची औषधं चालली, मग त्यांना आजार जुमानेना. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी या अभ्यासाबद्दल सांगितलं. नवं औषध, अजून बाजारात नाही; देशोदेशीच्या दोनशे बारा माणसांवर बघतायत; कुणाला नवं आणि कुणाला जुनं ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांना वाटलं मी बिचकेन. मला तीच गोष्ट आवडली. कॉम्प्युटरला अंगठा नसतो, तो ताटलीखाली लागत नाही. संमतीपत्र सत्तावीस पानांचं होतं. मी ते दोन दिवस वाचलं आणि एकोणिसाव्या पानानंतर परत एकोणीस आल्याचं दाखवून दिलं. अभ्यासाची कागदपत्रं बघणारी जी मुलगी आहे, तिनं ते एकोणीस बघून कपाळावर हात मारला, आणि तेव्हापासून आमचं जमलं. तिच्याकडे तारखेचा एक गोल शिक्का आहे. प्रत्येक कागदावर ती तो दोन्ही हातांनी, जरा टाचा उचलून, दाबते. घरी आम्ही तिला शिक्केबाई म्हणतो. मला नवं औषध मिळालं. सहा महिन्यांत आकडा उतरत उतरत सहाशे चाळीस मिलिग्रॅमवर आला. हिनं तो कॅलेंडरवर लिहिला आणि त्याला चौकट काढली. मग तो चढायला लागला. नियम असा आहे की तळापासून दोनशेच्या वर, म्हणजे आठशे चाळीसच्या पलीकडे, लागोपाठ दोनदा गेला, तर औषध काम करेनासं झालं असं धरतात आणि माणूस अभ्यासातून बाहेर. मागच्या महिन्यात आला होता आठशे पंचावन्न. हा कॅन दुसरा.

तर मी बाजारातून घरी चाललो होतो, हातात नको असलेले बटाटे, आणि डोक्यात हिशेब आपोआप सुटत होता. त्याला मी काय करू. नेहमी माझं चोवीस तासांचं साधारण अडीच लिटर भरतं. त्यातले साडेतीनशे गेले, म्हणजे सातातला एक भाग. समजा खरा आकडा आठशे सत्तर असला, तर कॅनमध्ये भरेल साडेसातशेच्या आत. रेषेच्या खाली, चांगलं हातभर खाली. मी आत राहीन. औषध चालू राहील. मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून येणाऱ्या बाईंची पिशवी मला धडकली, त्या काहीतरी पुटपुटल्या. मला कुणी लाच दिली नव्हती, मी कुठली स्प्रिंग वाकवली नव्हती. नुसता नैसर्गिक विधी केला होता, तोही चुकून. आणि समोर तयार, ताजा, सातातला एक भाग फायदा उभा होता. नोकरीत मी हजार माणसं पाहिली ती सगळी अशीच सुरुवात करत असणार. कुणी उठून ठरवत नाही की आज काटा मारायचा. काटा आपला आपण जरासा कलतो, आणि माणूस त्याच्याकडे न बघायला शिकतो.

जिन्याखाली मेहुणा भेटला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो, जन्मभर विमा विकला, त्यामुळे कुठल्याही संकटावर त्याच्याकडे दोन तोडगे आणि एक फॉर्म असतो. त्यानेच एकदा आमच्या फ्रिजमधली कापडी पिशवी उचलून विचारलं होतं, “हे काय, ज्यूस का?” तेव्हापासून तो आमच्याकडे नळाचंच पाणी पितो. त्या कॅनला फ्रिजमध्ये जागा मिळवायला मला दोन दिवस लागले होते. ही म्हणाली होती, माझ्या फ्रिजमध्ये तो राहील नाहीतर मी राहीन. शेवटी तह झाला: सगळ्यात खालचा कप्पा, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर कापडी एक, आणि झाकण लावण्याचं काम तिचं, कारण माझ्या झाकणांवर तिचा विश्वास नाही. मी बाथरूममधून मगात आणायचं, कॅनमध्ये ओतायचं. ती झाकण फिरवणार, पिशव्यांच्या गाठी मारणार, आत ठेवणार. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून इतक्या नेमानं दुसरं काही केलेलं मला आठवत नाही. तर मेहुण्याला माझा चेहरा दिसला आणि त्यानं विचारलं, आणि मी सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात ट्यूबलाइट लागली होती, कुणालाही दिसली असती. त्यानं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “भाऊजी, कमीच पडतंय ना? मी देतो की साडेतीनशे.”

मी त्याला सांगितलं की तुला गेली अकरा वर्षं मधुमेह आहे, तुझी साखर माझ्या नावावर लागेल. तो विचारात पडला. मग म्हणाला, मग काही करूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही काय खोटं मोजलंय का, तुम्ही फक्त सगळं मोजलं नाहीये. विम्यात याला चूक म्हणतात, फसवणूक म्हणत नाहीत. मी जिना चढताना तो खालून म्हणाला की ताईला मात्र सांगू नका, ती रडेल. ते मात्र मला पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. शहाण्या माणसानं मेहुण्याचा सल्ला ऐकू नये असं माझे वडील म्हणायचे, पण त्यांचे मेहुणे विमा विकत नव्हते.

घरात शिरलो तेव्हा एक वाजला होता. हिनं बटाट्यांकडे पाहिलं, टोपलीतल्या आधीच्या बटाट्यांकडे पाहिलं. गोळ्यांच्या दिवशी ती फारसं बोलत नाही, पंचविशीतल्या त्या माणसाशी तिचं पटत नाही. जेवताना तिनं विचारलं, “साडेदहानंतर झाली नाही का?” मी म्हणालो, “नाही अजून.” एवढंच. दोन शब्द. कोर्टात साक्ष देताना मी कधी दोन शब्दही खोटे बोललो नव्हतो. ती हं म्हणाली आणि ताट उचललं. तिला कळलं असेल का, असा विचार मला शिवलाही नाही, कारण मी स्वतःच्याच विचारात इतका होतो की घरात अजून कुणी आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. तीन वाजता मी भरलेला मग घेऊन आलो. तिनं झाकण फिरवलं, गाठी मारल्या. त्या दुपारी मी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

तेल घालतानाच मला तो तेलवाला आठवला. खरं म्हणजे तीस वर्षांत तो आठवला नव्हता. एका गल्लीच्या टोकाला खोलीएवढं दुकान, त्यात तो आणि एक चेपलेलं लिटरचं माप. खालून एक पोचा आत गेला होता, चमचाभर तेल त्या पोच्याच्या जागेनं दर वेळी वाचत होतं. तो म्हणाला, साहेब, हातातून पडलं, मी मुद्दाम नाही चेपवलं. मला माहीत होतं की तो खरं बोलतोय. मी त्याला म्हणालो, मापाला हेतू नसतो. हे वाक्य मी तेव्हा नवीनच तयार केलं होतं आणि ते मला फार आवडायचं. त्या वर्षी ते मी बऱ्याच ठिकाणी वापरलं. नियमाप्रमाणे खोटं माप जागेवर मोडायचं असतं. मी हातोडी घेतली आणि त्याच्यासमोर ते सपाट केलं. तो रागावला नाही. तो फक्त म्हणाला, “मग आता मी मापू कशानं?” मी पावती फाडली. बिजागरीशी तेलाची कुपी घेऊन उभा असताना मला त्याचा तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू आला, आणि मला एकदम भीती वाटली. मरणाची नाही, तिची ओळख आता जुनी आहे, ती येते, बसते, जाते. ही भीती वेगळी होती. हे औषध गेलं तर उद्यापासून मी कशाच्या आधारानं दिवस मोजू, ही भीती होती. चार आठवड्यांनी कॅन, कॅननंतर आकडा, आकड्यानंतर कॅलेंडर. मला जगायचं होतं. हे इतकं सरळ मी स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. मला जगायचं होतं, आणि त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं, जे इतर सहा दिवस मला आपोआप जमतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. कॅन हिच्या मांडीवर, कापडी पिशवीत, बसमधल्या एका आजीनं विचारलंही की काय आहे, तर ही म्हणाली, औषधाचं आहे. स्टिरॉइडचा ज्वर उतरत होता. आता अंगात पंचविशीतला कुणी नव्हता, अडुसष्टचा एकटाच उरला होता आणि तो दमलेला होता. शिक्केबाईंची खोली लहान आहे: दोन खुर्च्या, फायलींचं कपाट, वजनाचा काटा. मी आत गेल्यावर सवयीनं काट्याकडे पाहिलं. शून्यावर होता. तिनं कॅन घेतला, मोजला, दोन लिटर शंभर लिहिलं. “कमी भरलं जरा, काका,” ती म्हणाली, पण सहज, फॉर्मकडे बघत. मग तिनं तो प्रश्न विचारला जो ती दर महिन्याला विचारते आणि ज्याला मी दर महिन्याला जरासा अपमान झाल्यासारखा नाही म्हणतो. “एकही चुकली नाही ना?” आणि उत्तर गृहीत धरून तिनं शिक्का उचलला.

त्या क्षणी माझ्या मनात काही थोर विचार आले असं जर कुणाला वाटत असेल, तर नाही आले. दोनशे बारा माणसं आली नाहीत, पुढच्या पिढ्या आल्या नाहीत. मी फक्त तिचे हात बघितले. ती टाचा उचलून उभी राहिली होती. मी माझ्या शिशाच्या सीलांवर चिमटा असाच दाबायचो, सगळा जोर लावून, कारण एकदा सील लागलं की त्या काट्यासमोर उभा राहणारा प्रत्येक माणूस माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार असायचा. आणि ही मुलगी, जिनं माझं एकोणिसावं पान बघून कपाळावर हात मारला होता, ती आता माझ्या चेपलेल्या मापावर जोर लावून सील मारणार होती. मला ते बघवेना. एवढंच कारण. सुई शून्यावर नसली की जसं बघवत नाही, तसं. “चुकली,” मी म्हणालो. “काल साडेबाराला. साडेतीनशे. बाजारामागच्या मुतारीत.”

शिक्का हवेत राहिला. शेजारच्या खुर्चीत ही छताकडे बघू लागली. शिक्केबाईंनी शिक्का हळूच खाली ठेवला आणि विचारलं की साडेतीनशे कशावरून. मी म्हणालो, आवाजावरून. ती हसली नाही. तिनं ‘अंदाजे’ असं लिहिलं. मग म्हणाली की हा कॅन आता बाद, परवा परत गोळा करून आणावा लागेल, आणि नवा कॅन कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. ती अशा सुरात म्हणाली, जणू लोक रोजच येऊन हे सांगतात. मी दारापर्यंत गेल्यावर तिनं मला परत हाक मारली. “काका, सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.” मी म्हणालो, माहीत आहे. तिनं कागद आवरायला घेतले.

परवाचा कॅन हा आमच्या घरातला सर्वांत काटेकोर कॅन. मी उंबरा ओलांडला नाही. ही प्रत्येक वेळेला घड्याळ बघून काहीतरी लिहीत होती, ते मी पाहिलं, विचारलं नाही. मेहुणा दोनदा वर येऊन दारातूनच सगळं व्यवस्थित ना विचारून गेला. दोन लिटर चारशे ऐंशी भरलं. पाच दिवसांनी आम्हाला बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मला आकडा समजला. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात ते चांगल्या आकड्यासाठी नाही. आठशे एक्क्याऐंशी. ते म्हणाले की तुमच्यासाठी हे औषध इथे संपलं. तूर्त एक जुनं औषध वेगळ्या जोडीनं देऊ, तीन महिन्यांनी दुसरा एक अभ्यास सुरू होतोय, इंजेक्शनचा, त्यात तुम्ही बसाल असं वाटतं. मी विचारलं, त्यात माप कसं घेतात. ते म्हणाले, चोवीस तासांची लघवी. मला हसू आलं, डॉक्टरांनाही आलं, आणि त्यांना बहुधा बरं वाटलं की मी हसलो. शिक्केबाईंनी बाहेर पडताना शेवटच्या कागदावर माझी सही घेतली आणि शिक्का मारला, टाचा उचलून. मग उगाच फाईल शोधत पाठ फिरवली.

बसमधून एक थांबा आधीच उतरून आम्ही चालत निघालो. माझ्या डोक्यात मात्र गिरणी सुरू झाली होती. आठशे एक्क्याऐंशी. सातातला एक भाग कमी केला तर साडेसातशेच्या जरा वर. रेषेच्या खाली. गप्प बसलो असतो तर आज आत असतो. लागू न पडणारं औषध खात, पण आत. मी हिला विचारलं, की मी सांगितलं त्याचा तुला राग आला का. माझी मलाच लाज वाटत होती. नवऱ्यानं हा प्रश्न आधी विचारायचा असतो, आठवडाभरानं नाही.

तिनं पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, “मला त्याच दिवशी कळलं होतं. मी वेळा लिहिते. साडेदहा, मग एकदम तीन. आणि सकाळपासून दीड लिटर पाणी प्यायलेला माणूस.”

मी थांबलो. ती चालतच राहिली, त्यामुळे मला पाय उचलावे लागले. मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“काय बोलणार,” ती म्हणाली. “तुम्ही काटा तपासलात त्या सोनारानं भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं, आठवतं? किती छान होतं. तुम्ही ते त्याच दिवशी परत केलंत, तेव्हा मी काही बोलले नाही. तुमच्या बरोबरच्यांनी घरं बांधली, तेव्हाही नाही. त्या दिवशी तुम्ही अजून नाही म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, या माणसानं जन्मात एकदा काटा मारला. मारू दे. मी झाकण घट्ट लावलं.” मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, “आणि तुम्ही जाऊन सगळं सांगून आलात. तुमच्याकडून एवढंही झालं नाही.”

तिच्या बोलण्यात राग होता, आणि तो खरा होता. ही बाई चाळीस वर्षं माझ्या खऱ्या मापात भागवत आली आणि एकदाच, माझ्या जिवासाठी, तिनं खोटं माप फ्रिजमध्ये जपून ठेवलं होतं, दोन पिशव्यांत, गाठी मारून. मी तिचा हात धरला. रस्त्यात आम्ही कधी हात धरत नाही, त्यामुळे तो कसा धरायचा हे आठवायला जरा वेळ लागला. तिनं सोडवून घेतला नाही.

बाजाराशी आल्यावर ती म्हणाली कांदे घ्यायचेत. दुकान तेच. मला पाहून दुकानदार उठून उभा राहिला. मी बाहेरच थांबलो, नजर मुद्दाम रस्त्याकडे ठेवली. सुई कुठे आहे ते मला बघायचं नव्हतं, आज अंगात तेवढा जोरही नव्हता. तो कांदे ताटलीत टाकू लागला, तेवढ्यात हिचा आवाज आला.

“थांबा. आधी ती सुई शून्यावर आणा.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीचं तोंड उघडून उभा राहिलो.